धुरा

मुदखेडहून आदिलाबादकडे जाणारी गाडी भोकर सोडून हिमायतनगरच्या वाटेला लागली की दोन्ही अंगांना नांगरून टाकलेली काळी रानं सुरू होतात. उन्हाळ्यात रान म्हणजे नुसती ढेकळं. त्या ढेकळांमधून मध्येच एक पिवळी रेघ पळत येते आणि मागं जाते. वाळलेली कुसळी, एखादी बोर, कुठं बाभूळ, कुठं लिंब आणि त्याच्या सावलीत बांधलेली दोन शेरडं. नवख्या माणसाला वाटतं, एवढी कसदार जमीन, मग हा पट्टा नांगरायचा कसा काय राहून गेला? तो राहून गेलेला नसतो, मुद्दाम ठेवलेला असतो. आपल्याकडं त्याला धुरा म्हणतात, पश्चिम महाराष्ट्रात बांध. दोन शेजाऱ्यांची औतं एकमेकांना भिडू नयेत एवढ्यासाठी दोघांनीही पेरायची सोडून दिलेली ही जमीन.

जगात अशा जागा पुष्कळ आहेत आणि त्यांना मोठमोठी नावं आहेत. आपण ‘बफर’ हा शब्द ऐकला तो आधी रेल्वेच्या डब्यांमुळं, मग ताडोब्याच्या वाघांमुळं. दोन डबे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मधे धक्का खाणारं काहीतरी हवं, वाघाच्या गाभ्याच्या जंगलाला गावाची गुरं थेट भिडू नयेत म्हणून मधे एक पट्टा हवा. कोरियात असा पट्टा २५० किलोमीटर लांब आहे, सायप्रसमध्ये १८० किलोमीटर. त्यांच्यावर पुस्तकं आहेत, पर्यटकांसाठी सहली आहेत. धुऱ्याकडं मात्र भांडण लागल्याशिवाय कुणी बघत नाही. आणि त्या साऱ्या प्रसिद्ध पट्ट्यांचे गुण-अवगुण समजून घ्यायचे असतील तर भोकर तालुक्यातल्या कुठल्याही गावच्या शिवारात तासभर हिंडणं पुरतं, असं माझं मत आहे.

धुरा किती रुंद असावा, हे सरकारनं ठरवून दिलेलं आहे. कोरडवाहू जमिनीत दोन सर्व्हे नंबरांमधला धुरा साधारण चार फुटांचा आणि एकाच नंबरातल्या दोन पोटहिस्स्यांमधला दीड फुटाचा. ही पद्धत इंग्रजी अमदानीतली. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर भागात जमिनीच्या मोजणीची आणि साऱ्याची नवी घडी बसवली आणि तीच पुढं मुंबई इलाखाभर गेली. निजामाच्या राज्यात सालारजंगांनी महसुलाचा कारभार सुधारायला घेतला, तेव्हा मोजणीसाठी हाच मुंबईचा नमुना उचलला. म्हणून राज्यं वेगळी असूनही सोलापूरचा बांध आणि नांदेडचा धुरा एकाच घराण्यातले आहेत.

या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आता जरा गणित करू, कारण भांडणाचं सगळं मूळ या गणितात आहे. चौरस एकराची बाजू होते २०९ फुटांच्या आत-बाहेर. चार फुटांच्या धुऱ्यातला आपला निम्मा वाटा, म्हणजे दोन फूट, चारही बाजूंनी सोडला तर जातात दीड गुंठे. चाळिसातले दीड, याबद्दल कुणी कुरकुरत नाही. पण वाटण्या होत होत तोच एकर लांबट झाला, कारण वाटणी करताना प्रत्येक भावाला रस्त्याकडचं टोकही हवं असतं आणि विहिरीकडचंही. समजा तो एक साखळी रुंद आणि चाळीस साखळ्या लांब असा पट्टा झाला. क्षेत्र तेवढंच, एक एकर. पण आता तेवढाच दोन फुटांचा काठ सोडायचा म्हटलं तर जातात जवळजवळ पाच गुंठे, म्हणजे आठवा हिस्सा. पोटहिस्स्याचा धुरा नियमानं दीड फुटावर आणला तो बहुधा यामुळंच, तरीही दोन गुंठ्यांच्या जवळपास जमीन गवताखाली राहते.

उलट बाजूनं बघा. या चाळीस साखळ्या लांबीच्या कडेला औताचा एकच जादा तास मारला, नऊ इंचांचा, तर नांगरणाऱ्याच्या पदरात ९९० चौरस फूट जमीन पडते. गुंठ्याला फक्त शंभर फूट कमी. एका तासात! पाच वर्षं दर उन्हाळ्याला एकेक तास सरकला की साडेचार गुंठे. शेजाऱ्याच्या लक्षात येतं ते साधारण तिसऱ्या वर्षी. धुऱ्यावरची बोर आधी मधोमध होती, ती आता आपल्याच तासाला लागून दिसते, तेव्हा.

याला बांध कोरणं किंवा धुरा कोरणं म्हणतात आणि पूर्वी ते आजच्याइतकं सोपं नव्हतं. बैलांच्या नांगरात फाळ दोन बैलांच्या मधोमध चालतो. शेवटचा तास कडेला अगदी चिकटून मारायचा तर एका बैलाला धुऱ्यावरून, गवत-काट्यांतून चालवावं लागे. बैल तिथं तोंड घालायला थांबे, नाहीतर बुजून आत येई. शिवाय औत वळवायलाही धुऱ्यालगतची जागा लागायची. तेव्हा माणसाच्या नियतीइतकाच बैलाचा स्वभावही धुरा राखत होता. ट्रॅक्टरला गवत खायचं नसतं. त्याचं चाक धुऱ्यावर चढतं आणि पलटी नांगर कडेची माती कापून शेताच्या आत फेकतो. तासाच्या भाड्यानं आलेला ड्रायव्हर बाहेरगावचा, त्याला हद्द कुठली ठाऊक नसते आणि मालक म्हणतो, “अजून जरा कडंनं घे.” मी स्वतः हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की ते नांगराच्या किमतीतच धरलेलं असावं. फौजदारी कायद्याला ही खोड जुनी ठाऊक आहे. सरकारनं बसवलेली हद्दीची खूण पाडली किंवा हलवली तर वर्षभरापर्यंत कैद, असं १८६० च्या भारतीय दंड संहितेचं ४३४ वं कलम सांगत होतं. पण दगड हलवण्याची गरजच काय? त्याच्या भोवतीची माती निघून गेली की दगड आपोआप कलंडतो.

धुऱ्याच्या भांडणातला दुसरा मुद्दा झाडाचा. धुऱ्यावर झाड असतंच, कारण तिथं नांगर लागत नाही, पाखरानं टाकलेली बी जगते. लिंब, बाभूळ, पळस, सीताफळ, कधी भोकर. गावाचं आणि या झाडाचं नाव एकच. भोकराची हिरवी फळं आत चिकट, मिठात आणि हिंग-मोहरीत मुरली की त्यांचं लोणचं फार चवदार होतं. पण झाड धुऱ्यावरचं असेल तर लोणचं कुणाच्या बरणीत जायचं? बहुतेक गावांत रीत अशी की फांदी ज्याच्या बाजूला, फळं त्याची. सावलीला मात्र ही रीत लागू पडत नाही. सावली सकाळी एकाच्या कपाशीवर आणि दुपारनंतर दुसऱ्याच्या. सावलीतलं पीक बसतं, फुलत नाही. ज्याचं पीक बसतं तो एक दिवस कुऱ्हाड घेऊन फांद्या छाटायला चढतो. इथून पुढची गोष्ट पोलीस ठाण्यात सापडते.

झाडाच्या फांद्यांवरून माणसं मरतात यावर शहरी वाचकाचा विश्वास बसत नाही. त्याच्यासाठी पान्मुंजोमची गोष्ट. १९५३ च्या २७ जुलैला कोरियातलं युद्ध थांबलं. तह असा कुठला झाला नाही, फक्त लढाई थांबवण्याचा करार झाला. दोन्ही सैन्यांनी मधल्या रेषेपासून दोन-दोन किलोमीटर मागं सरायचं आणि मधे चार किलोमीटरचा पट्टा मोकळा सोडायचा, असं ठरलं. रेषेवर १,२९२ पाट्या रोवल्या. पट्ट्यात पान्मुंजोम इथं बोलणी करायला एक सामाईक आवार ठेवलं. तिथं दोन्ही बाजूंचे शिपाई मोकळे फिरत असत. त्या आवारात पॉप्लरचं एक झाड वाढलं आणि त्याच्या पानोळ्यामुळं एका चौकीवरून दुसरी चौकी दिसेनाशी झाली. १८ ऑगस्ट १९७६ ला दक्षिणेकडची मंडळी झाड छाटायला गेली. उत्तरेकडच्यांनी हटकलं, बाचाबाची झाली आणि दोन अमेरिकन अधिकारी कुऱ्हाडींनी मारले गेले. तिसऱ्या दिवशी ते झाड तोडायला अभियंत्यांची तुकडी गेली, तेव्हा तिच्या पाठीशी हेलिकॉप्टरं होती आणि आभाळात बी-५२ जातीची बॉम्बफेकी विमानं. झाड पाऊण तासाच्या आत पडलं. बुंधा तसाच ठेवला. त्यानंतर ते सामाईक आवारही सामाईक उरलं नाही, त्याच्या मधून रेघ ओढली गेली.

म्हणजे चार किलोमीटर रुंदीचा धुरा होता, दोन्ही काठांना लाखाच्या हिशेबात फौजा होत्या, तेवीस वर्षं तो टिकला होता, आणि घात झाला तो त्यातल्या सामाईक तुकड्यावरच्या एका झाडापायी. आपल्याकडच्या कुठल्याही जाणत्या पाटलानं हे आधीच सांगितलं असतं.

या कोरियाच्या पट्ट्याशी मराठी माणसाचा एक धागा आहे आणि तो आपण जवळजवळ विसरलो आहोत. युद्ध थांबलं तेव्हा सर्वांत अडलेला प्रश्न कैद्यांचा होता. हजारो कैदी मायदेशी परत जायला तयार नव्हते. २२,६०४ उत्तर कोरियन आणि चिनी, शिवाय दुसऱ्या बाजूकडचे ३५९. यांना ठेवायचं कुठं आणि त्यांच्यावर पहारा कुणी द्यायचा? दोन्ही पक्षांना चालेल असा देश निघाला भारत. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले जनरल थिमय्या आणि पहारा देणाऱ्या भारतीय फौजेचे सेनापती झाले शंकरराव थोरात, कोल्हापूरकडचे. दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी भारतीय शिपायांचा पाय आपल्या भूमीला लागू द्यायला नकार दिला. मग इंचॉनच्या समुद्रात उभ्या असलेल्या जहाजांवरून शिपायांना हेलिकॉप्टरांत बसवून थेट त्या मोकळ्या पट्ट्यात उतरवलं. शत्रूंच्या मधल्या जागेत जायला जमिनीवरून वाट नाही म्हणून आभाळातून जाणारी ही फौज होती. तिथं त्यांनी तंबू ठोकले आणि त्या वस्तीला नाव दिलं ‘हिंद नगर’.

सप्टेंबरात कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून धरून ठेवलं. गोळीबार केला असता तर मेजर गेला असता आणि त्याच्याबरोबर शेकडो कैदीही. थोरात मोजकी माणसं घेऊन स्वतः आत गेले. आत गेल्यावर त्यांनी जे केलं ते आपल्याकडं भावकीचं भांडण मिटवायला गेलेला म्हातारा करील, तेच: आमच्याकडं आलेल्या पाहुण्याला चहा विचारतात, असा विषय काढला. वातावरण सैल झालं, बोलणी झाली, मेजर बाहेर आला. मधल्या जागेत उभं राहणाऱ्याकडं बंदुकीपेक्षा काही वेगळं असावं लागतं, ते थोरातांकडं होतं.

आज त्या पट्ट्यात लाल डोक्याचे दुर्मीळ क्रौंच हिवाळ्याला उतरतात. सत्तर वर्षं तिथल्या बहुतेक जमिनीला नांगर लागलेला नाही. पण सगळ्या जमिनीला नाही, असं मुद्दाम सांगतो. पट्ट्याच्या दक्षिण भागात देसोंगदोंग नावाचं एक गाव आजही आहे. तिथले लोक शेती करतात, त्यांना कर माफ आहे, लष्करातली सक्तीची नोकरी माफ आहे, मात्र रात्री घराबाहेर पडायची परवानगी नाही. समोर उत्तरेच्या भागात किजोंगदोंग. या दोन गावांनी झेंड्याच्या काठ्यांची चढाओढ लावली. दक्षिणेनं शंभरेक मीटरची उभारली, उत्तरेनं १६० मीटरची. शेजाऱ्यानं दोन मजली बांधलं म्हणून तीन मजली बांधणारा आपल्या गल्लीत असतोच, त्याला हे वाचून बरं वाटेल.

सायप्रस बेटावरची गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगण्यासारखी. १९६३ च्या डिसेंबरात निकोसिया शहरात ग्रीक आणि तुर्क वस्त्यांत रक्तपात झाला, तेव्हा मेजर जनरल पीटर यंग या इंग्रज अधिकाऱ्यानं नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रेघ ओढली. तिचंच नाव पडलं हिरवी रेषा. १९७४ च्या युद्धानंतर ती बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. शहरात ती एखाद्या बोळाएवढी अरुंद आहे आणि उघड्या रानात सात किलोमीटरहूनही रुंद. आत निकोसियाचं जुनं विमानतळ आहे, पन्नास वर्षं तिथून प्रवासी विमान उडालेलं नाही. रानमेंढ्या मात्र वाढल्या. तिथल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या फौजेचे पहिले सेनापती भारतीय होते, जनरल ग्यानी. त्यांच्यामागून थिमय्या गेले आणि १९६५ च्या डिसेंबरात त्यांचं तिथंच निधन झालं. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी कारकुनी व्यवस्था. या पट्ट्यात ज्यांची जुनी शेतं आहेत त्यांना राष्ट्रसंघाकडून परवाना मिळतो, परवाना दाखवून आत जायचं, नांगरायचं, पेरायचं, दिवस मावळायच्या आत परत यायचं. मधली जागा अगदी ओसाड ठेवली तर तिचा मोह वाढतो. ठरलेल्या अटींवर थोडी वापरू दिली तर वापरणाराच तिचा राखणदार होतो.

धुऱ्याचंही नेमकं असंच आहे. त्याला आपण ‘कुणाचाच नाही’ म्हणतो, पण तो दोघांचा असतो, निम्मा-निम्मा. आपल्या बाजूचं गवत आपण कापायचं, आपल्या बाजूला अंबाडीच्या चार ओळी लावायच्या, शेरडं बांधायची, भाकरी खायला बसायचं. जमीन महसूल संहितेचं १४३ वं कलम तर याही पुढं जातं. आतल्या शेतात जायला वाट नसेल तर तहसीलदार हद्दीवरून वाट देऊ शकतो. म्हणजे दोन शेजाऱ्यांनी भांडण नको म्हणून सोडलेल्या पट्ट्यावरून तिसऱ्याचं औत जातं. आणि ज्या धुऱ्यावरून रोज तिसऱ्या-चौथ्या माणसाची ये-जा असते, तो सहसा कोरला जात नाही. बघणारे फार होतात ना!

हिरव्या पेन्सिलीवरून जेरुसलेम आठवलं. १९४८ च्या नोव्हेंबरात इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल् तल् यांनी नकाशावर आपापल्या फौजांच्या रेषा जाड मेणपेन्सिलींनी ओढल्या. नकाशाचं प्रमाण एकास वीस हजार, म्हणजे १:२०,०००. रेघेची जाडी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर साठ ते ऐंशी मीटर. मग प्रश्न आला, रेघेखाली जी घरं आली ती कुणाची? दोन्ही रेघांच्या मधे तर तटस्थ जागा होतीच, पण खुद्द रेघेलाही रुंदी निघाली, आणि त्या रुंदीवर वर्षानुवर्षं तंटे चालले. भूमी अभिलेख कार्यालयात ज्यांनी जुन्या फाळणी नकाशावर, टिपणावर बोट ठेवून वाद घातला असेल त्यांना हे सांगायला नको. कागदावरची रेघ शाईची. तिच्या जाडीत शेतातला अख्खा धुरा मावतो आणि वर एखादा तासही.

आता थोडं मागं, कारण मधली जागा नसेल तर काय होतं याचा धडा आपल्याच मुलखानं पाऊणशे-शंभर वर्षं गिरवला आहे. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा आणि वर दहा टक्के. पुढं निजाम स्वतंत्र झाला, पालखेडला हरला आणि १७२८ च्या मुंगी-शेवगावच्या तहात त्यानं हा हक्क कबूल केला. परिणाम असा की एकाच गावात निजामाचाही अंमलदार वसुलाला येई आणि मराठ्यांचा कमाविसदारही. याला दुअमल म्हणत, दोन अंमल. रयतेच्या एका खळ्यावर दोन मापं. दोघांच्या सत्तेत अंतर राहण्याऐवजी त्या एकमेकींवर चढल्या होत्या, आणि उदगीर १७६०, खर्डा १७९५ अशा लढाया झाल्या त्यामागं या न फिटलेल्या हिशेबांचा मोठा वाटा होता.

दुअमल संपला असं मात्र समजू नका. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्याच्या डोंगरात तेलंगणाला लागून १४ गावं आहेत, तिथं आजही दोन्ही राज्यांचं सरकार नांदतं. दोन्हीकडच्या शाळा, दोन्हीकडचं रेशन, दोन्हीकडच्या मतदार याद्या. भोकरचा इतिहास या बाबतीत सरळ आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आदिलाबादला गेला, आदिलाबादचा किनवट नांदेडला आला, आणि भोकरच्या पूर्वेकडची साधी तालुक्याची शीव राज्याची हद्द होऊन बसली. तिथल्या दोन शेतांमधला धुरा मात्र होता तेवढाच राहिला. चार फूट.

आणि प्रत्येक मधली जागा तटस्थ असते असंही नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामात पैनगंगा ही हद्द होती, अलीकडं निजाम, पलीकडं उमरखेडला स्वातंत्र्यसैनिकांची छावणी. जानेवारी १९४८ मध्ये भोकरच्या शेजारच्या उमरीची बँक सैनिकांनी लुटली, लढ्याला पैसा उभा करायला. नदी ओलांडली की रझाकारांचा हात पोचत नसे. ती एका बाजूला आसरा देणारी नदी होती आणि तसाच तिचा वापर झाला, ते योग्यच झालं. पण तिला धुरा म्हणता येणार नाही.

गावाची शीव हा धुऱ्याचा थोरला भाऊ. शिवेवर म्हसोबा असतो, मरीआई असते, आणि कोकणाकडं तर शिलाहारांच्या काळातले गधेगाळ आहेत, दिलेलं दान मोडणाऱ्याला अभद्र शाप देणारे दगड. पण शिवेचा सर्वांत हुशार वापर आपण लग्नात केला. सीमांतपूजन! आता ते मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर उरकतं, पण शब्दच सांगतो की वऱ्हाडाला गावाच्या सीमेवर थांबवून तिथं त्याची पूजा व्हायची. दोन घराणी, देण्याघेण्याची बोलणी नुकतीच झालेली, मनं अजून उष्ण. अशा वेळी पाहुण्यांना एकदम दारात न आणता आधी शिवेवर थांबवायचं, तिथं नवरदेवाचे पाय धुवायचे, मग जानवशाला न्यायचं. लातूर-उदगीरकडं वेळ अमावास्येला शेताच्या कडेकडेनं आंबील शिंपडत जातात आणि ज्याच्याशी वर्षभर बोलणं नसतं त्यालाही कोपीवर भज्जी-भाकरी खायला हाक मारली जाते.

आणखी एक पट्टी सांगतो, भोकर भागात कापूस आहे म्हणून. बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, साध्या बियाण्याची. ती शेताच्या कडेनं लावायची, तिच्यावर अळीला खुशाल जगू द्यायचं. विषाची सवय नसलेल्या अळ्या तिथं वाढतात, त्यांचे पतंग सवय झालेल्यांशी मिसळतात आणि विष पचवणारी पिढी तयार व्हायला वेळ लागतो. शत्रूसाठी सोडलेली जागा! बहुतेकांनी ती पुडी फेकून दिली, फुकटच्या चार ओळी कुणी अळीला द्यायच्या म्हणून. पुढं गुलाबी बोंडअळीनं बीटीला दाद देणं सोडलं आणि २०१७ साली महाराष्ट्रभर बोंडं आतून किडली. त्याला कारणं बरीच आहेत, पुडी हे एकच नाही. पण धुऱ्याच्या नऊ इंचांचा मोह आणि पुडीच्या चार ओळींचा मोह, दोन्ही एकाच घरातले.

कोरलेल्या धुऱ्यांवर सरकारनं २०२३ साली एक उपाय काढला, सलोखा योजना. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षं चाललं असेल तर हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल कागदावर आणता येते. जिथं दोघंही मागं हटायला तयार नसतात तिथं मोजणीच लागते.

मोजणीचा दिवस एकदा पाहावा. दोन्हीकडची माणसं धुऱ्याच्या दोन अंगांना उभी, कुणी कुणाशी बोलत नाही. पूर्वी साखळी ओढायला गडी लागत, आता तिपाईवरचं यंत्र असतं, नाहीतर काठीवरचं रोव्हर. भूकरमापक जुन्या खुणा शोधतो. एक दगड सापडतो, दुसरा सापडत नाही, तिसरा कुणाच्या तरी गोठ्यात पायरी झालेला असतो. उन्हं चढतात. तेवढ्यात कुणीतरी थर्मासमधून चहा आणतो आणि प्रश्न पडतो की बसायचं कुठं, कारण ज्याच्या रानात बसावं त्याच्या बाजूचे झालो. मग सगळे, मोजणीवाला धरून, धुऱ्यावरच्या लिंबाखाली बसतात. लिंब कुणाचा ते अजून ठरायचं असतं. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात यायला वेळ आहे.